म्हातारा का कापला?

केळकरांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, की ते म्हणतात, "म्हातारा का कापला?"

नवा माणूस दचकतो. म्हातारा म्हणजे द्वारपाल. ड्रॅगन आणि शापित मुकुटाचा तो अवाढव्य परदेशी सिनेमा एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवर काढलाय. सगळे लढाईला गेल्यावर गडाचं दार सांभाळणारा म्हातारा सिनेमात घेतलेलाच नाही. हा अन्याय केळकरांनी दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत भाजीवाल्यापासून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हिंदीत समजावलाय. थिएटरात तर मध्यंतराला उभं राहून म्हणाले, "भाईसाब, किताब में बूढ़ा है."

माझं दुखणं वेगळं. पडद्यांचं दुकान मी शून्यातून उभं केलंय. चांदणी चौकातले व्यापारी मला बघून आधीच भाव उतरवतात. पण केळकर हा एकटा माणूस मला आपला समोरचा फ्लॅट विकेना. भाव वाढवला की म्हणायचा, "शिंदेसाहेब, दारात कुणीतरी लागतं हो." आणि पुन्हा सिनेमावर घसरायचा.

शेवटी माझं डोकं फिरलं. ती जाडजूड कादंबरी आणली आणि मुलीला वाचायला लावली. ती म्हणाली, "बाबा, यात म्हातारा नाहीचे यार."

सापडला! समोरच्याची थाप हातात आली की सौदा अर्धा झाला. रविवारी सकाळी पुस्तक घेऊन धडकलो. "केळकर, म्हातारा कुठल्या पानावर आहे ते दाखवा."

त्यांनी दार लोटून घेतलं.

"नाहीये तो. आमचा मंदार लहान असताना मी हे मराठीत वाचून दाखवायचो. सगळेच गेले तर परत आल्यावर दार कोण उघडणार, म्हणून रडायला लागला. मग मी म्हातारा घातला. आता टोरांटोत सिनेमा बघून त्याचा फोन आला, बाबा, म्हातारा का कापला? किती महिन्यांनी एवढं बोलला. मग मीही चिडलो. आता दर रविवारी आम्ही दोघं मिळून चिडतो."

तेवढ्यात त्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर मंदार. माझ्या हातातलं पुस्तक बघून खूश झाला. "काका, वाचलंत? म्हातारा आहे ना त्यात?"

केळकर माझ्याकडे बघत राहिले.

"आहे की," मी म्हणालो. तेवढ्यावर भागेल असं वाटेना, म्हणून भाव वाढवला. "अख्खा अध्याय आहे त्याच्यावर. कापायला नकोच होता."