हरकतदारांचा जाहीर सत्कार

कोणत्याही प्रगत समाजात हरकत घेणाऱ्या नागरिकाला मानाचे स्थान असते. ते स्थान व्यासपीठापासून किती दूर असावे, एवढाच काय तो शास्त्राचा प्रश्न उरतो. उल्हासखोरे समन्वित विकास प्राधिकरणाचे सुनावणी अधिकारी अभिजीत यांनी या प्रश्नाला उमेदीची वर्षे वाहिली होती. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांच्या हरकती त्यांच्याकडे येत, आणि एकही हरकत त्यांनी ऐकून घेतल्याशिवाय फेटाळलेली नव्हती. (ऐकून घेतल्यावर मान्य केलेली एखादी हरकत दाखवा, असे काही असंतुष्ट म्हणतात. असंतुष्टांचे प्रमाण नगण्य आहे. सर्वेक्षणात ते विचारलेले नाही.)

प्रस्तुत विषय साधा होता. बदलापूरच्या शिरगावातला एक भूखंड प्रसूतिगृहासाठी राखीव होता, आणि इतका काळ राखीव होता की तेथे जन्मायची मुले अन्यत्र जन्मून लग्नाला आली होती. दरम्यान चिखलोलीच्या बाजूला एका थोर उद्योगपतींची नगरी उभी राहत होती. शेठजी कोणत्याही निवडणुकीला कधी उभे राहिले नव्हते. निवडणुकीला उभे राहणारे सगळेच त्यांच्यापुढे उभे राहत असल्यामुळे त्यांना तो व्याप अनावश्यक वाटे. त्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे तिन्ही पक्षांचे पुढारी एका रांगेत हात जोडून उभे असत. राष्ट्रीय एकात्मतेची इतकी सेवा शाळेतल्या प्रतिज्ञेनेही केलेली नाही.

अशा पुरुषाला आपल्या नगरीकडे येताना रस्त्यावरचे खड्डे सोसावे लागत, ही गोष्ट प्राधिकरणाच्या जिव्हारी लागली. (खड्डे बुजवण्याचाही पर्याय तज्ज्ञ समितीपुढे आला होता. त्याचा लाभ सर्वांनाच होणार असल्याने लाभार्थी निश्चित करता येईना. तो मागे पडला.) तेव्हा शिरगावच्या राखीव भूखंडावर हेलिपॅड करावे, असे ठरले.

प्रसूतिगृहाच्या जागी हेलिपॅड, हे उथळ माणसाला विसंगत वाटेल. अभिजीत यांच्या टिपणीने ती शंका समूळ दूर केली. प्रसूतिगृह ही आगमनाची जागा. हेलिपॅड हीदेखील आगमनाचीच जागा. भूखंडाचे प्रयोजन तेच राहते, बदलते ती येणाऱ्याची योग्यता. शिवाय प्रसूतिगृहात येणारा जीव पुढे काय दिवे लावील याची हमी कोणी देत नाही. हेलिपॅडवर उतरणाऱ्याने ते आधीच लावलेले असतात. टिपणी वाचून मंत्रालयातल्या एका वरिष्ठांनी समासात ‘मार्मिक’ असा शेरा मारला होता.

राहता राहिली कायद्याने सक्तीची केलेली जनसुनावणी. येथे अभिजीत यांची प्रतिभा दिसते. आपल्या भागात सत्काराशिवाय पाण्याच्या टाकीचेही उद्घाटन होत नाही. मग हरकतदारानेच काय पाप केले? त्यांनी प्रत्येक हरकतदाराचा ‘जागरूक नागरिक’ म्हणून सुनावणीच्या आरंभीच सत्कार करण्याची प्रथा पाडली. त्यांचे निरीक्षण असे, की अंगावर शाल पडताच माणसाचा आवाज साधारण साठ टक्क्यांनी उतरतो, हातात नारळ आला की हातवारे थांबतात, आणि फोटो निघाल्यावर तो स्वतःच म्हणतो, “तसं काही विशेष नव्हतं, साहेब.” सत्काराचा खर्च शेठजींचा धर्मादाय न्यास करी. हरकत ज्यांच्याविरुद्ध, सत्कारही त्यांच्याकडूनच. इतके मोठे मन शासनाजवळही नसते.

सुनावणीच्या दिवशी शिरगावच्या समाजमंदिरात उल्हासनगरचा सिंधी व्यापारी मुकेश शाली घेऊन हजर झाला.

“साईं, माल एक नंबर आहे,” तो म्हणाला. “फक्त पब्लिकला बोला, धुवायची नाही. धुतली तर रुमाल होते.”

“धुणार कोण? कपाटात ठेवतात,” अभिजीत म्हणाले.

“मग तर लाइफटाइम गॅरंटी!”

पहिले सत्कारमूर्ती राजू. हा गृहस्थ रिक्षा संघटनेचा, आवाजाने खणखणीत, आणि येताना शेठजींच्या विरोधात घोषणा देत आलेला. शाल पडली, नारळ आला, फोटोग्राफरने हनुवटी वर करायला लावली. राजू ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला, घसा साफ केला, आणि म्हणाला, “विरोध नाहीये आपला. फक्त हेलिपॅडच्या बाहेर रिक्षा स्टँड मिळाला पाहिजे.” हेलिकॉप्टरमधून उतरणारा माणूस रिक्षा करील, हा त्याचा आशावाद पाहून अभिजीत यांना लोकशाहीविषयी अतिशय आपुलकी वाटली.

सगळे असे सुरळीत चालले असताना शिरगावच्याच एक वृद्ध हरकतदार, भागीरथीबाई, उठल्या. सोबत धाकटी सून संध्या होती, दिवस भरत आलेली, खुर्चीच्या कडेला अवघडून टेकलेली. निवेदिकेने शाल उलगडली.

“ती ऱ्हाऊ दे गं बाय. उकडतंय,” भागीरथीबाई म्हणाल्या.

शाल नाकारण्याविषयी प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत तरतूद नव्हती. निवेदिका शाल हातात धरून तशीच उभी राहिली.

“आजी, घ्या हो, मान असतो,” अभिजीत म्हणाले.

“मान नको, जागा द्या. ही जागा माज्या सासऱ्यांची. फुकट दिली त्यांनी. त्यांची लेक बैलगाडीत अडली न् तिथंच गेली, म्हनून दिली. बोलले, हितं दवाखाना होऊ दे, दुसऱ्याची लेक तरी वाचंल. दवाखाना झाला नाय. मोठ्या सुनेला उल्हासनगरला नेताना अंबरनाथच्या चौकात गाड्या तुंबल्या. रिक्षातच मोकळी झाली. पोर ऱ्हायलं नाय.” त्यांनी संध्याकडे बोट दाखवले. “आता ही बसलीय तुमच्यापुढं. हिला कुठं नेऊ ते सांगा. तुमच्या शेठला घाई असंल, तर शेठनं घरातून लवकर निघावं. पोटातल्या पोराला काय सांगू, की थांब म्हनून?”

मग मागच्या रांगेतून एक टाळी आली, आणि पाहता पाहता सारे समाजमंदिर टाळ्यांनी दणाणले. मुकेशने वाजवल्या, राजूने नारळ काखेत मारून वाजवल्या. अभिजीत यांच्याही डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. अधिकारी झाला तरी तो माणूसच असतो. डोळे पुसून ते शेजारच्या लिपिकाला म्हणाले, “लिहा. विषय क्रमांक एक, हेलिपॅड. टाळ्यांच्या गजरात मंजूर.”

यात लबाडी मुळीच नव्हती. या परिसरात सोसायटीच्या वार्षिक सभेपासून उत्सव मंडळाच्या बैठकीपर्यंत ठराव टाळ्यांनीच मंजूर होतात; हात वर करून मते मोजणे हे घरच्या माणसांवर अविश्वास दाखवण्यासारखे समजले जाते. कार्यक्रमपत्रिकेवर विषय एकच होता. टाळ्या वाजल्या, हे सर्वांनी ऐकले. त्या कुणासाठी वाजल्या हा भावनेचा भाग झाला, आणि इतिवृत्तात भावना लिहीत नाहीत.

लिपिकाच्या मागे उभ्या असलेल्या राजूने ते वाचले. “ओ काकी! यांनी पास करून टाकला ना!” तो ओरडला.

भागीरथीबाईंनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. “अरे, थांबा! टाळ्या नका वाजवू! तुमच्या टाळ्यांनीच चाललीय जागा!”

हे वाक्य इतके धारदार होते की लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कोणी शिट्टी मारली. “काय बोलते रे म्हातारी!” असे कौतुकाचे उद्गार निघाले. अनेकांनी चित्रफीत घेतली. भागीरथीबाई दोन्ही हात हलवून नको, नको म्हणत राहिल्या. लोकांना तो विनय वाटला. लिपिकाने वर पाहिले. अभिजीत यांनी मान हलवली, आणि लिपिकाने ‘टाळ्यांच्या’ या शब्दाआधी ‘उत्स्फूर्त व प्रचंड’ असे घातले.

हेलिपॅड विक्रमी वेगाने, पंधरा दिवसांत पूर्ण झाले. शेठजी प्रथमच उतरणार होते त्या दिवशी सुरक्षेसाठी शिरगावचा रस्ता बंद ठेवला होता, आणि बंद रस्त्याच्या अलीकडे राजूच्या रिक्षेत संध्या होती. भागीरथीबाईंनी आपल्या लुगड्याचा आडोसा धरला. मुलगी झाली. आई व बाळ सुखरूप असल्याचे कळताच अभिजीत यांनी समाधानाने नोंद केली की, परिसरात प्रसूतीची पर्यायी व्यवस्था समाधानकारकरीत्या कार्यरत आहे.

भागीरथीबाईंची ती चित्रफीत अजूनही फिरते आहे. आपणही ती पाहिली असेल, निदान ही हकीकत वाचताना ‘बरे सुनावले म्हातारीने’ असे मनात म्हटले असेल, आणि एखाद्या समविचारी मित्राला हे वाचून दाखवण्याचे योजले असेल. अवश्य दाखवा. आपली दाद प्राधिकरणाला पोचली आहे. हेलिपॅडच्या विस्तारीकरणाचा विषय सध्या विचाराधीन असून, ती त्यापुढे नोंदवून घेतली आहे.