काशिनाथकाकांचा बिनसावलीचा दिवस

१६ मे. मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेले होते. माझ्या दुकानातून निघायला उशीर झाल्यामुळे अकरा वाजून गेले होते. अर्धी चादर भरली तोच जिन्यातून गर्जना झाली, "शैलाताई, खाली या! डोक्यावर यायच्या आत खाली या!"

डोक्यावर येणार होता तो सूर्य. ओरडत होते शेजारचे काशिनाथकाका. त्यांचा उभा जन्म कापडाच्या कारखान्यात, लूमच्या खडखडाटात गेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. विरजण मागायला आले तरी भांडायला आल्यासारखे वाटतात.

मे महिन्याच्या मध्यावर भिवंडीत एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली गडप होते. पेपरात त्याची चौकट येते. पोरं अंगणात बाटली उभी करून गंमत बघतात. काका मात्र त्या दिवशी दाराला कडी लावून बसतात.

"सावली सोडून गेली की मानूस ऱ्हात न्हाय," हे त्यांचं ठाम मत.

या एका दिवसाचं हवामान त्यांना लहानपणापासूनचं तोंडपाठ आहे. "आमचं लगीन झालं त्या सालाला ढग. वाचलो. आमचा कारखाना बंद झाला त्या सालाला लख्ख ऊन. बघा, गेलाच कारखाना!" मग मला मोबाइलवर त्या त्या वर्षाचं हवामान शोधायला लावतात. जुळलं तर मान डोलावतात. नाही जुळलं तर, "तुमचा मोबाइल चुकलाय."

एकदा मी म्हटलं, "काका, ढग आले की कुणाचीच सावली पडत नाही. मग तेव्हा कसे वाचतो आपण?"

"तवा ती लपलेली असते. लपनं वेगलं, नसनं वेगलं."



तर त्या दिवशी मला गच्चीवरून उतरवून काका घरी गेले आणि लगेच परत आले. चेहरा पांढराफटक. "यमुना न्हाय घरात."

यमुनाकाकू बाजारात सुकी मासळी विकतात. सोळा मेला काका त्यांना उंबरा ओलांडू देत नाहीत. पण हे दिवस आगोटीचे. पावसाळ्याची बेगमी करायला आख्खा गाव सुकट-बोंबील घ्यायला येतो, आणि काका सांगतात घरी बस! काका मला वाचवायला जिन्यात आले, तेवढ्यात काकू पाटी घेऊन सटकल्या होत्या.

"तुमची स्कूटी काढा."

"अहो, येतील त्या संध्याकाळी."

"ताई, पाया पडतो." हे मात्र ते हळू बोलले. मी निमूट चावी घेतली.

निजामपुऱ्याच्या गल्लीत कापडाच्या तागांचा टेम्पो आडवा. मागे काका छत्री उघडून बसलेले, तिची काडी माझ्या कानाला टोचत होती. दर मिनिटाला वाकून रस्त्यावरची आपली सावली बघत होते. "आखडली, ताई. लई आखडली."

"गप बसा, नाहीतर दोघंही पडू."

बाजारात पोचलो. काकूंची पाटी जागेवर होती. वर गोणपाट. काकू नव्हत्या. आता मला भीती वाटली. सावलीची नाही, उन्हाची. त्या जागेवर वर फडकंसुद्धा नव्हतं, आणि डांबर चपलेला चिकटत होतं.

शेजारची लसूणवाली म्हणाली, "चक्कर आया उसको. सामने दुकान में बिठाया है."

काकांनी छत्री टाकली आणि ज्या उन्हाला ते इतकी वर्षं घाबरले त्यातूनच धावले.

काकू कापडाच्या दुकानात पंख्याखाली बसल्या होत्या. पदर भिजलेला, हातात लिंबूपाणी, चेहरा राखेसारखा. नवऱ्याला बघून म्हणाल्या, "आला यो! पाटीवर कोन हाय? मांजर खाईल ना समदं!" आणि उठायला लागल्या.

काकांनी त्यांचा दंड धरला. "अजून भाएर नको."

"सोड. गिऱ्हाईक चाललंय."

"आय पन असंच बोलली व्हती," काका म्हणाले. "मिठागरावर. मी तिची भाकर घेऊन गेल्तो. लहान व्हतो. बोललो, आय, तुझी सावली कुठं गेली? आनि हसलो. ती बी हसली. बोलली, काम पडलंय, जा घरी. सांजच्याला तिला उचलून आनली." ते जमिनीकडे बघत होते. "मी बोललो नसतो तर सावली गेलेली कोनाला दिसली नसती. आय वाचली असती."

 इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी हे पहिल्यांदा ऐकलं होतं. मग त्या सरकल्या, बाकावर जागा केली आणि उरलेलं लिंबूपाणी त्यांच्या हातात दिलं. "पी आदी. तूच पडशील आता."

मी मांजराला हाकलत पाटीपाशी उभी राहिले आणि बोंबलाच्या दोन जुड्या विकल्या. माझी सावली होती की नव्हती, बघायचं धाडस मला झालं नाही.

बऱ्याच वेळाने दोघं पायरी उतरले. काका काकूंच्या टाचांकडे बघत मागून चालत होते. मध्येच थांबले.

"आली."

"काय आली?"

"तुझी. बारीक हाय, पन आली."

"मंग चल," काकू म्हणाल्या, आणि मुकाट्याने स्कूटीवर माझ्या मागे बसल्या. काका पाटी घेऊन रिक्षाने आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार भरायच्या आधी, मी चार बांबू आणि जाड ताडपत्री घेऊन काकांबरोबर तिथे गेले. काकूंच्या जागेवर आम्ही ती ताणून बांधली. गाठी मीच मारल्या. काका बांबू धरून उभे होते.