लाइनवाले नाना

आमच्या महाविद्यालयात एका शोकसभेत ऐन मौनाच्या वेळी वीज गेली. प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले, "लाइन गेली वाटतं." आम्ही सर्व माना खाली घालून उभे होतो. त्या शांततेत माझ्या शेजारी पेनाचे टोपण निघाल्याचा आवाज झाला, एक पान उलटले, आणि कोणीतरी स्वतःशीच पुटपुटले, "जुनं शे." टोपण पुन्हा बसले.

ते नाना अहिरे. आमच्या कार्यालयातले मुख्य लिपिक. मूळचे सटाण्याकडचे. नाशकात उभी नोकरी झाल्याने त्यांची भाषा शहरी झाली होती, पण मन कशात गुंतले की 'आहे'चे पुन्हा 'शे' होई. आणि त्यांचे मन गेली दोन वर्षे एकाच गोष्टीत गुंतले होते. 'लाइन' या इंग्रजी शब्दाचे जितके अर्थ लोकांच्या तोंडी आहेत तितके ते एका छोट्या वहीत गोळा करत होते. फक्त हाच एक शब्द. मी मराठी शिकवतो, म्हणून एकदा अधिकाराने विचारले, "नाना, दुसरे शब्द का नाही घेत?"

"बाकीची इंग्रजी तुम्ही सांभाळा सर," ते म्हणाले, "एवढा एक शब्द माझ्याकडे राहू द्या."

बँकेतली लाइन, फोनची लाइन, रेल्वेची, पोलिसांच्या वस्तीची, हे सारे पहिल्या आठवड्यातच संपले. मग नाना शहरभर आणि आसपास फिरू लागले. गंगापूर रोडवर एका इमारतीचे काम चालू होते. तिथे गवंडी म्हणाला, "लाइनदोरी धर." नानांनी स्कूटर लावली आणि तासभर त्या दोरीचे एक टोक स्वतः धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात सांगत होते, "दोरी ताणली ना सर, की भिंतीला कळतं आपण वाकडे चाललोत." विंचूरला कांद्याच्या बाजारात एक व्यापारी त्यांना म्हणाला, "नाना, पोराला या लाइनीत घालू नका." त्यांना मूलबाळ नव्हते. तरी त्यांनी मान डोलावली, आभार मानले आणि धंदा या अर्थापुढे त्या व्यापाऱ्याचे नाव लिहून ठेवले.

ग्रंथालयातल्या मॅडमचा प्रसंग तर सर्वांना पाठ आहे. नानांनी भर दुपारी त्यांच्या टेबलापाशी जाऊन, पेन काढून, अत्यंत आदराने विचारले होते, "मॅडम, 'लाइन मारणे' यात मारणाऱ्याला समोरच्याचं उत्तर हवं असतं, का नुसतं बघणं पुरतं?" मॅडमनी तक्रार केली. नानांनी लेखी खुलासा दिला: 'सदर चौकशी केवळ अर्थापुरती मर्यादित होती. उत्तर मिळाले नाही, तरी रकाना रिकामा ठेवला आहे.' प्राचार्यांनी तो खुलासा वाचला आणि हसू आवरत फाइल बंद केली. पुढे मॅडमनाच राहवेना. त्या नानांना म्हणाल्या, "नुसतं बघणं पुरतं. लिहा." नानांनी लिहिले.

हे सर्व मी रंगवून सांगत असे. शिक्षकांच्या खोलीत माझ्याभोवती खुर्च्या ओढल्या जात. लोक हसले की मला बरे वाटे, आणि ते हसू नानांच्या जिवावर आहे याची टोचणी मला त्या वेळी लागली नाही. लागली असती तर पुढचे घडले नसते.

आमच्याकडे स्नेहसंमेलनात फिशपॉन्ड असतात. एका पेटीत निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकीत कोणाची तरी फिरकी घेणाऱ्या दोन ओळी. निवेदक त्या सर्वांसमोर वाचतो. ज्याच्यावर चिठ्ठी असेल त्याने उठून हसतमुखाने हात जोडायचे, असा रिवाज. विद्यार्थ्यांच्या या खेळात मी दरवर्षी गुपचूप दोन-तीन चिठ्ठ्या टाकी. ती माझी हौस होती. त्या वर्षी निवेदकाने वाचले:

"एका शब्दापायी नाना फिरले अवघे नाशिक,
घरच्या बाईंशी बोलायला शब्दच नाही शिल्लक."

यमक ओढून आणलेले होते, तरी सभागृह दणाणले. नाना तिसऱ्या रांगेत होते. ते उठले, त्यांनी हात जोडले, पण बसताना खुर्चीचा हात त्यांना सापडेना. मी टाळ्या वाजवत होतो.

नानांच्या पत्नी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. सारे त्यांना बाई म्हणत, नानाही बाईच म्हणत. अलीकडे त्यांना बरे नसते आणि नाना कोणाला घरी बोलावत नाहीत, एवढेच आम्हांला ठाऊक होते. ती दुसरी ओळ मी केवळ यमकासाठी लिहिली, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले आहे. ते खरे नाही. ती अधिक लागेल म्हणून लिहिली होती.

दोन दिवसांनी नाना माझ्याकडे आले. "सर, तुम्ही मराठीचे. चालीवरून कळतं का हो, कोणी लिहिलं असेल?"

"पोरं असतील, नाना. मनावर घेऊ नका."

"मनावर नाही घेतलं. त्याला घरचं कसं कळलं, तेवढं विचारायचं होतं."

मला त्यांचे बोलणे समजले नाही. विचारण्याचे धैर्यही झाले नाही. त्यानंतर वही दिसली नाही. कोणी मुद्दाम 'लाइन' म्हटले तरी नाना कागदांतून मान वर काढत नसत.

त्यांची निवृत्ती महिन्यावर आली. मानपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माहिती हवी होती, म्हणून मी एका रविवारी सकाळी न कळवता सातपूरला त्यांच्या घरी गेलो. दार नानांनी उघडले. त्यांच्या हातात कंगवा होता. मागे खुर्चीत बाई बसल्या होत्या, अर्धी वेणी घातलेली, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "लाइन."

"आमच्या कॉलेजचे सर आहेत," नाना त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कोण म्हणून विचारतात."

नाना उरलेली वेणी घालू लागले आणि घालता घालता त्यांनी सांगितले. तीन वर्षांपूर्वी बाईंना अर्धांगाचा झटका आला. ऐकलेले सर्व समजते, पण बोलण्यातले सारे शब्द गेले, एक सोडून. शाळेच्या मैदानावर पोरांना रांगेत उभे करताना आयुष्यभर जो उच्चारला, तो राहिला. पाणी हवे असले तरी लाइन, दुखले तरी लाइन, राग आला तरी लाइन.

"पहिले सहा महिने नुसता सुरावर अंदाज," नाना म्हणाले. "मग म्हटलं, एकच शब्द उरलाय ना हिच्याकडे, तर तोच मोठा करू."

त्यांनी कपाटातून वही काढली. प्रत्येक पानावर एक अर्थ होता आणि झटक्यानंतर बाईंना वाचताही येईनासे झाले म्हणून खाली नानांनी काढलेले चित्र. विझलेला दिवा. ताणलेली दोरी. कानाला लावलेला फोन. संध्याकाळी नाना नवे पान समजावून सांगत. पुढे बाई शब्द उच्चारून डाव्या हाताने पान दाखवत. विझलेला दिवा म्हणजे आज मन बरे नाही. दोरी म्हणजे चादर तिरकी झाली आहे. फोन म्हणजे तुमचे लक्ष दुसरीकडे आहे.

"आणि हे?" मी विचारले. त्या पानावर खिडकीतून पाहणारा एक वेडाविद्रा माणूस होता.

"ते मॅडमनी सांगितलेलं," नाना लाजले. "नुसतं बघणं पुरतं, ते. हे पान ही रोज एकदा दाखवते."

त्यापुढची पाने कोरी होती. मी ती उलटत राहिलो.

"दोन महिने नवीन काही नाही," नाना म्हणाले. "विचारायला गेलो की वाटतं, समोरच्याला सगळं माहीत आहे आणि तो हसतोय. बाईंना कोणाला कळू द्यायचं नव्हतं सर. चारशे पोरांसमोर बोललेली बाई शे ती. आता रोज नवं पान मागते, आणि मी म्हणतो, उद्या."

त्या दोन ओळींनी मी नानांची गंमत केली असे समजत होतो. प्रत्यक्षात एका बोलू न शकणाऱ्या बाईची पुढची वाक्ये मी थांबवली होती. खिशात मानपत्राचे टिपण होते, त्यात 'मनमिळाऊ' असा शब्द मी आधीच लिहून आणला होता.

"नाना," मी म्हणालो, "पोरांनी नाही. ते मी लिहिलं होतं."

नाना कंगव्यात अडकलेले केस काढत होते. काढत राहिले. एक पांढरा केस त्यांनी बोटाला गुंडाळला. मी उठून उभा राहिलो होतो, पण दाराकडे जावे की त्यांच्या पाया पडावे हे मला ठरवता येईना. माझ्याहून ते सात वर्षांनी मोठे. मी वाकलो, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले.

बाईंनी वहीकडे हात नेला नाही. माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "लाइन."

मी नानांकडे पाहिले. आतापर्यंत त्यांनी प्रत्येक वेळी लगेच अर्थ सांगितला होता. या वेळी ते थांबले. बाईंनी तोच शब्द पुन्हा उच्चारला, तितक्याच सावकाश.

"काय म्हणतात?" मी विचारले.

"बसा म्हणतात," नाना म्हणाले. "चहा घेऊन जा म्हणतात."

तासाभरात तो शब्द मी निरनिराळ्या सुरांत ऐकला होता, आणि या सुरात यजमानीण कोणाला बसा म्हणत नाही, एवढे मलाही कळत होते. नाना चहा ठेवायला आत गेले. मी बाईंसमोर बसलो आणि त्या पाहत होत्या तोवर नजर खाली घातली नाही.