गेनूभाऊ आणि तपकिरी पाकिटातली बाई

एका जगप्रसिद्ध अल्बमच्या दोन्ही बाजू उभ्याने ऐकून झाल्यावर गेनूभाऊंनी टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाले, "ह्या माणसाला कुणीतरी दोन घास वाढा."

हा अल्बम असा, की त्याच्यावर परदेशात जाडजूड पुस्तकं निघाली आहेत. त्यातली अडीच मी वाचली आहेत. गायकाच्या आवाजातली ती तळमळ नेमकी कुठून येते, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. गेनूभाऊंचं स्वतःशी लगेच झालं होतं. "आवाजात जोरच न्हाई बघा. सकाळपास्नं काय खाल्लेलं न्हाई त्यानं."

गेनूभाऊ लोणावळ्यात तुंगार्लीकडच्या एका बंगल्याचे राखणदार. गाव कामशेतच्या आत, पवनेच्या बाजूला. बंगल्याच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. शेठ राहायचे मुंबईत, पण आयुष्यभर हौसेने जमवलेल्या चारेकशे रेकॉर्ड्स त्यांनी लोणावळ्यात ठेवल्या होत्या. ज्याने तिथला एक पावसाळा काढलाय त्याला हा निर्णय किती चुकीचा, ते सांगायला नको. जून ते सप्टेंबर जी वस्तू जागची हलत नाही तिच्यावर बुरशी चढते. चपला, पट्टे, गाद्या, पुस्तकं. मी एकदा तीन दिवस मुक्कामाला राहिलो, तर चौथ्या सकाळी गेनूभाऊंनी माझ्याकडेसुद्धा जरा निरखून पाहिलं होतं.

म्हणून बंगल्यांवरच्या राखणदारांचं पावसाळी काम ठरलेलं असतं. पंखे फिरवायचे, कपाटं उघडी टाकायची, गाडीचं इंजिन दहा मिनिटं घुरघुरू द्यायचं. शेठनी त्यात आपलं एक कलम वाढवलं: महिन्यातून एकदा प्रत्येक रेकॉर्ड बाहेर काढायची, पुसायची आणि वाजवून ठेवायची.

हे काम गेनूभाऊंनी सव्वीस वर्षं केलं. आवड म्हणून नव्हे, ड्युटी म्हणून. रेकॉर्ड लावली की टोपी काढून, हात मागे बांधून उभे. "बसून ऐकलं की डोळा लागतो," म्हणायचे. संपली की टोपी घालायची, एक वाक्य बोलायचं आणि पुढची काढायची.

मी तळेगावचा. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालो. शिवाय संगीतातला जाणकार. हे माझं स्वतःचं मत आहे, दुसऱ्या कुणाचं अजून कानावर आलेलं नाही. शेठची नि माझी ओळख ह्याच वेडापायी झाली आणि त्यांनी मला मोकळीक देऊन ठेवली होती, की सर, केव्हाही या, ऐका. तेव्हा दर गुरुवारी मी स्कूटर काढून लोणावळ्याला जाई आणि गेनूभाऊंचा कान तयार करी.

तो आधीच तयार होता, हे मला कळायला वेळ लागला. नुसत्या यंत्रांवर वाजवलेला एक गाजलेला अल्बम मी त्यांना मोठ्या आदराने ऐकवला. भविष्याचं संगीत वगैरे सांगितलं. ते म्हणाले, "मोटार चालू करून गडी च्या प्याला गेलाय. हिरीतलं पानी संपलं असंल बघा." चार बाजूंवर एकच कथा सांगणारा एक लांबलचक अल्बम होता. त्यावर, "लगीन एका दिसात उरकतं. ह्येंनी मांडव चार दिस ठेवलाय." कानठळ्या बसवणाऱ्या एका वाद्यवृंदाला तर त्यांनी मायेने पोटात घेतलं. "भांडान हाय, पर भावकीतलं. रातीला एकाच पंगतीत बसत्याल."

गिटारवर एकटीच गाणारी एक बाई होती. गेनूभाऊ म्हणाले, "नांदत न्हाई ही." मी मनापासून हसलो. घरी जाऊन पुस्तक उघडलं, तर नवऱ्याचं घर सोडल्यावर दोनच महिन्यांत तिने ती गाणी केली होती. हे मी गेनूभाऊंना सांगितलं नाही. विद्यार्थ्याला फार चढवू नये.

एका गुरुवारी मी स्वतःच्या हाताने रेकॉर्ड लावली. डोळे मिटले. बाजू संपल्यावर चांगली दहा मिनिटं बोललो, की भाऊ, इथे कलावंताने काळच ताणला आहे, दोन सुरांमधल्या मौनाला त्याने बोलतं केलं आहे. गेनूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाले, "सर, ते फिरायचं बटान चुकीच्या आकड्यावं हाय. मला वाटलं तुमाला तसंच आवडतं."

गेल्या वर्षी शेठ गेले. मुलाने बंगला विकायला काढला आणि रेकॉर्ड्स पुण्यातल्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकायच्या ठरवल्या. टेम्पो दाराशी लागला होता. मुलगा भला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही इतकी वर्षं सांभाळल्यात. बाबांची आठवण म्हणून यातली एक ठेवून घ्या. कुठलीही."

गेनूभाऊ लाजले. टोपी काढली, परत घातली. मग वाकून खालच्या फळीकडे हात नेला. आणि इथे मी मधे पडलो.

"थांबा भाऊ," मी म्हटलं, "असं घाईने घ्यायचं नसतं." आणि वरच्या फळीवरून मी नेमकी ती उपसली. सॅक्सोफोनची, पहिल्या छपाईची, जिच्यासाठी शौकीन लोक जीव टाकतात. या रेकॉर्डवर गेनूभाऊंचं वाक्य असं होतं, की "ह्यो देवाला हाका मारतोय. देव घरातच हाय, पर कडी काढंना." मुलाचा चेहरा जरा उतरला, पण शब्द गेला होता. गेनूभाऊंनी ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसादासारखी. एकदा खाली वाकून फळीकडे पाहिलं. "सर म्हणत्यात तर हीच," म्हणाले.

तळेगावपर्यंत मी स्कूटरवर गुणगुणत गेलो. एका गरीब माणसाचं आपण भलं केलं, हे गाणं मला तोंडपाठ आहे.

महिन्याभराने मी माझा छोटा प्लेअर पिशवीत घालून त्यांच्या गावी गेलो. त्यांच्याकडे वाजवायला काही नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. रेकॉर्ड भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. शेजारी हौसाबाईंचा फोटो. गेनूभाऊंच्या ह्या मंडळी सहा वर्षांमागे वारल्या. फोटोत त्यांनी पदराने अर्धं तोंड झाकलेलं, त्यामुळे दिसत होते फक्त डोळे.

आम्ही रेकॉर्ड ऐकली. "अजून कडी काढली न्हाई त्यानं," भाऊ म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

"सर, एक इचारू? ती तपकिरी पाकिटातली कुटं गेली असंल?"

"कुठली तपकिरी?"

"जिच्यात लोकं खोकत्यात."

मग मला उमगलं. एका छोट्या हॉलमध्ये, लोकांसमोर वाजवलेला पियानोचा अल्बम. नामांकित, पण ढिगाने मिळणारा. "अहो, ती माझ्याकडेच आहे! हवी होती तर तेव्हाच बोलायचं नाही का?"

"तुमी बोलत व्हता," गेनूभाऊ म्हणाले.

प्लेअर मी त्यांच्याकडेच ठेवून आलो होतो. पुढच्या गुरुवारी माझी प्रत घेऊन गेलो. नवी छपाई, एकदम स्वच्छ, अशी तिची तारीफही केली. रेकॉर्ड सुरू झाली. तिसरी चीज संपली, टाळ्या थांबल्या, आणि गेनूभाऊंनी एक हात वर केला. "आता बघा," म्हणाले. पियानो सुरू झाला. त्यांचा हात तसाच वर.

"पुन्यांदा लावा."

पुन्हा लावली. हात खाली आला. "ह्येच्यात ती बाई न्हाई," ते म्हणाले.

"कोण बाई?"

"चौथं सुरू व्हायच्या आदी समदी गप बसत्यात, तवा एक बाई हसती. आदी नाकातनं, मग एकदम फुटतंय, आन तोंडावं हात दाबल्यागत बंद." आणि पुढे म्हणाले, "आमची तशी हसायची. भाताच्या लावणीला बायांची रांग वाकलेली, कुणी काय बोलंना, आन मदनंच हिचं हसू. समदी वळून बगायची, की हिनं पदराचा बोळा तोंडात."

हे सगळं ते फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत सांगत होते, फोटोकडे नव्हे.

"पोरीनं मोबाइलात लय शोधलं, आईचा आवाज कुटं हाय का म्हणून. न्हाई घावला. मोबाइल काढला की ही आत पळायची. ती गेली त्या पावसात मी आपला नेमानं समद्या वाजवत व्हतो, आन ह्येच्यात हसू आलं. वीस वरसं लावत व्हतो मी ती रेकार्ड. तवर ऐकलंच नव्हतं." मग खालच्या आवाजात, "नेम म्हैन्यातनं एकदाचा. मी रोज लावायचो. शेठला बोललो न्हाई."

नव्या छपाईत कुणा हुशार माणसाने खोकणं, खुर्च्यांची करकर असं सगळं पुसून काढलं होतं. त्या झाडलोटीत बाईही गेली होती.

"ही बदलून शेठची आणतो," म्हणत मी उठलो. गेनूभाऊंनी खिळ्यावरची रेकॉर्ड आपल्या हाताने उतरवून दिली. ती घेऊन मी पुण्याला त्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेलो. शेठची तपकिरी प्रत जमिनीवरच्या खोक्यात, कडेला पडली होती. म्हटलं, हिच्या बदल्यात ती द्या.

"सर, तुमच्या हातात काय आहे, माहीत आहे ना?"

"आहे. मीच निवडली होती."

त्याने पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाला, "वाजवून बघायचीय? कुठे चरा वगैरे आहे का?"

"चरा असू दे," मी म्हटलं, "बाई आहे का बघू." त्याने रेकॉर्ड लावली. बाई होती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गावी गेलो. गेनूभाऊंनी टोपी काढली, हात मागे बांधले. त्यांच्या घरात मला बसवेना. मीही उभा राहिलो. तीन चिजा झाल्या. टाळ्या थांबल्या. मग ती हसली. एक श्वासभर असेल नसेल, आणि दाबलं. गेनूभाऊंनी सुई उचलून धरली.

मग ते म्हणाले, "सर, तुमी ह्येच्यावर लय वाचलंय. त्या बाईला हसाया काय झालं असंल?"

तो हॉल कुठल्या शहरात होता, कुठल्या वाराला कार्यक्रम झाला, ढोल वाजवणाऱ्याचं पियानोवाल्याशी कशावरून बिनसलं होतं, हे सगळं मला पाठ होतं.

"माहीत नाही, भाऊ," मी म्हटलं.

"आमचीला बी मी कंदी इचारलं न्हाई," गेनूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी सुई जराशी मागे ठेवली.