ऐकणाऱ्या साहेबांना जय भीम

रामटेके काकांच्या घरी राऊटरवर डालगं झाकलेलं असायचं. कोंबड्या झाकायचं तेच, बांबूचं. पवनीत मी केबलच्या वायरीवरून इंटरनेट देतो. लोकांच्या राऊटरवर मी हार पाहिलाय, वाळत घातलेले मोजे पाहिलेत. डालगं फक्त इथेच.

"उघडं ठेवलं का ते ऐकते," काका म्हणायचे.

"पण काका, बांबूच्या फटीतून आवाज नाही जाईन का?"

"जाईन ना. पण त्याले समजलं पाहिजे का आपल्याले माहीत आहे."

दिल्लीत नाहीतर मुंबईत कोणी एक साहेब कानाला हेडफोन लावून बसलाय आणि माझ्या वायरीतून काकांच्या घरचं बोलणं त्याच्या कानात पडतंय, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मुलगी वैशाली जर्मनीत नर्स. तिचा इंटरनेटवरून फोन आला की काका आधी खणखणीत आवाजात म्हणत, "ऐकणाऱ्या साहेबांना जय भीम!" मग मुलीला, "हं, बोल बेटा. पण कामाचंच."

ही खात्री हवेतून आलेली नव्हती. काका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, ट्रंक कॉल जोडून द्यायचे. "जोडून देला का कान काढाचा, असा नियम होता. पण माणूस आहे ना बे. कान लागूनच राहे." कोणाची सोयरीक मोडली, कोणाकडे मयत झाली, घरच्यांच्या आधी त्यांना कळे. बाहेर मात्र कधी अवाक्षर नाही. "मी ऐकलं, तर आता कोणी ऐकत नसन काय?"

मी समजावायचो, "काका, हे बोलणं कुलूप लावून जाते. वायर माही आहे, तरी मलेही काही समजत नाही."

"तुले समजत नाही म्हणून तर तुही वायर घेतली."

घरात सगळं सांकेतिक भाषेत चाले. वैनगंगा म्हणजे काकूंचं ब्लडप्रेशर. एका पावसाळ्यात नदीला खराच पूर आला. काका घाबरून फोनवर ओरडले, "वैनगंगा लय चढली!" वैशाली तिकडून म्हणाली, "मंग आईले गोळी द्या ना लवकर!"

सुलोचनाकाकूंना यातलं काहीच जमत नसे. त्या फोन घेऊन पायरीवर बसत आणि आपल्या गुडघ्यांपासून सुरुवात करत. काका समोर उभे राहून हातवारे करत. "आवर, आवर! ऐकून राहिले ते."

"ऐकू द्या न. माहे गुडघे दुखते हे सरकारले समजलं तर काय बिघडते?"

एकदा काकू मुलीला पाठवायला आवाज भरत होत्या. काकांनी हातातून मोबाइलच काढून घेतला. "आवाज पाठवाचा नाही. आवाज म्हणजे पुरावा." मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती, ती वेगळीच.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या आणि भंडाऱ्याला नेताना वाटेतच संपलं. वैशाली आली, रजा संपली तशी परत गेली.

मग एका दुपारी काका माझ्या दुकानात आले. बसले. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"प्रमोद, काकूचे जुने फोन काढून देशीन का?"

मला आधी मोबाइल वाटला. "कोणते फोन, काका?"

"ते वैशूसंग बोलत होती ना. तुह्या वायरीतून गेलं ते. पूर्ण नको. एखांदा दे."

मी सांगितलं, माझ्याकडे काहीच राहत नाही. वैशालीकडेही फोटोच होते. काकूंचा आवाज कुठेच नव्हता. काकांनीच राहू दिला नव्हता.

"मंग वरती असन," ते म्हणाले, आणि उठून पोलीस ठाण्याकडे चालायला लागले. मी दुकान बंद करून मागे गेलो, त्यांना गाडीवर घेतलं.

ठाण्यातले साहेब वयाने लहान होते. त्यांनी काकांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. "काका, कोणाचा फोन ऐकाचा म्हटलं तर वरून परवानगी लागते. तुमचा कायले ऐकतीन? तुम्ही केलं काय?"

"म्हणजे ऐकलंच नाही?"

"नाही."

"एकही डाव?"

"नाही काका. निश्चिंत राहा."

त्या भल्या माणसाला वाटलं, आपण धीर दिला. काका मात्र टेबलाकडे बघत राहिले. एवढी वर्षं ज्याला भ्यायले, तो साहेब कुठेच नव्हता.

"लय चांगली बोले हो ते," काका त्यांना म्हणाले. "कोणीतरी ऐकाले पाहिजे होतं."

परतताना ते माझ्या मागे बसले होते. बाजार ओलांडल्यावर मागून बोलणं सुरू झालं. मला वाटलं, मलाच काही सांगतायत.

"वैशू, जेवली का वं?" मग जरा वेळ शांतता, तिकडच्या उत्तरापुरती. "भात भेटते का तिथं? थंडीची कानाले बांधत जा. तुह्या बाबाचं? बरं आहे. फोनपाशी उभे आहेत. मले बोलू देत नाही, पण माह्याशिवाय जेवतही नाही."

हेल काकूंचा होता, शब्दही त्यांचेच.

घराचं वळण आलं. मी गाडी वळवली नाही. वेग कमी केला आणि सरळ नदीच्या रस्त्याला लागलो.