आंधळगाव एक्केचाळीस

तुम्हाला सांगतो, एक्क्याऐंशी साली अख्ख्या भंडारा जिल्ह्यात माझ्याइतका हुशार टेलिफोन ऑपरेटर नव्हता! हे माझं स्वतःचं मत होतं, आणि दुसऱ्या कुणाला विचारलंच नसल्यामुळे ते एकमतानं मंजूर होतं.

आमच्या तालुक्याच्या गावी फोन जोडायचा एक बोर्ड होता आणि त्याला तीन लाइनी. एक भंडाऱ्याची, एक करडीची, एक आंधळगावची. करडीत आणि आंधळगावात साऱ्या गावाला मिळून एकेकच फोन. भंडाऱ्याहून कुणाच्या नावानं ट्रंककॉल आला, की माझ्या आधीचा ऑपरेटर दोन्ही गावांत घंटी मारून ओरडायचा, "मंदाबाई कोन्या गावची हो?" दोन्हीकडून उत्तर यायचं, "आमची!"

मी ही बोंबाबोंब बंद केली. मतदार यादी आणून दोन रविवार घासले आणि तक्ता केला. प्रत्येक माणसाला एक गाव, एक नंबर! एक प्रत बोर्डाशेजारी चिकटवली, एक भंडाऱ्याला धाडली, एकेक दोन्ही गावांत लावली. आता नाव घ्यायचं कामच नाही. भंडाऱ्याचा ऑपरेटर म्हणणार, "करडी सात!" की मी करडीच्या भोकात प्लग खुपसणार. खलास! बायकांची तर सोयच झाली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायला नको, यादीवर बोट ठेवलं की काम फत्ते.

हे सगळं मी कामाच्या प्रेमापोटी केलं, असं साहेबांना सांगितलं. ते खोटं होतं. माझी ललिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, करडीला गेली होती. सहा आठवडे झाले होते. भाड्याची ती एवढीशी खोली, पण खायला उठायची. करडी सायकलनं दीड तासावर. तरी बोलावणं आल्याशिवाय जावयानं सासुरवाडीला जाऊ नये, हा आमच्याकडचा दंडक! आणि करडीचा फोन किराणा दुकानात. तिथं बोललेलं तेलमिठाबरोबर घरोघर पोचायचं. म्हणून तिनं चिठ्ठी धाडली होती : 'पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाईन. तिथून फोन करते. एक सांगायचं आहे.'

त्या गुरुवारी मला भंडाऱ्याची लाइन मोकळी हवी होती. बाकी तक्ता वगैरे सगळं त्यासाठी.

पहिल्याच आठवड्यात माशी शिंकली. भिलाईला नोकरीला असलेल्या ताराचंदनं बायकोला फोन केला. मंदाबाई, आंधळगाव तेवीस. मी ऐटीत जोडला. पण मंदाबाई होती माहेरी, करडीला! आंधळगावचा फोन सांभाळणारा श्रावण भारी परोपकारी माणूस. 'नाही' म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. त्यानं मंदाबाईच्या सासूला, सत्यभामाबाईंना, आणून उभं केलं. लाइनवर ही खरखर!

"तुयाबिगर करमत नाही वं," ताराचंद म्हणाला.

म्हातारी गहिवरली. "मले बी नाही करमत रे बाबू! ये ना घरी!"

शनिवारी ताराचंद रजा टाकून आंधळगावात हजर. घरात बायको नाही, आईनं तळलेले वडे! ते खाऊन तो थेट माझ्याकडे आला आणि पोट भरलेलं असल्यामुळे तासभर भांडला.

दोष यंत्रातच असणार म्हणून मी बोर्डाचे स्क्रू काढले, प्लग घासले, दोऱ्या बदलल्या. जागेश्वर लाइनमनला करडीपर्यंत खांबन् खांब तपासायला लावला. संध्याकाळी तो धापा टाकत परत आला.

"तार बराबर हाये. तुमचा कागदच चुकून राहिला."

"मतदार यादीवरून केला आहे तो!"

"पन मानूस काय खांब हाये का, गाडला तिथंच राहाले? बाई आज सासरी, उद्या माहेरी. कापनीले या गावी, मंडईच्या जत्रेले त्या गावी."

"जागेश्वर, तुम्ही खांब पाहा. कागदाचं मी पाहतो," मी म्हणालो. एवढा शहाणपणा लाइनमनकडून ऐकून घ्यायची मला सवय नव्हती.

गुरुवार उजाडला. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. फोनवर दिसत नाही हे मला माहीत होतं, तरी घातला! सकाळपासून भंडाऱ्याची लाइन वाजली की मी प्लगवर झडप घालायचो, आणि निघायचा कुणीतरी भलताच. दुपारी दोनला पुन्हा घंटी.

"आंधळगाव एक्केचाळीस!"

"घ्या, घ्या, पटकन उरका!" मी चिडून प्लग खुपसला. माझा फोन यायचा आहे आणि हे एक्केचाळीस मध्येच तडमडलं! दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही हा माझा बाणा, म्हणून ऐकलंही नाही. फक्त घड्याळ पाहत बसलो. तीन मिनिटं झाली तशी लाइनवर खेकसलो, "टाइम झाला!" आणि तोडून टाकला. लाइन मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत ती तशीच मोकळी राहिली.

दिवस मावळताना दारात सायकल वाजली. आंधळगावहून माझे वडील, केवळराम. आत आले, पण बसेनात.

"तुया एक्केचाळीस नंबर मले काहून लावून देल्ला?"

मी तक्त्याकडे पाहिलं. एक्केचाळीस : ईश्वर केवळराम, आंधळगाव. म्हणजे मीच! मतदार यादीत माझं नाव अजून गावातच होतं!

"श्रावण म्हने, पोरगा नाही तं बाप चालते," वडील म्हणाले. "सूनबाई होती." भंडाऱ्याला तिनं यादीतल्या माझ्या नावावर बोट ठेवलं असणार!

"काय म्हने?"

"तब्येत चांगली हाये."

"अन्?"

वडील भिंतीकडे बघू लागले. "अन् जे बोलली, थे सासऱ्यानं सांगाचं नसते."

"तुमी हाये म्हनून सांगतलं नाही तिले?"

"कसा सांगू? लाजेनं मेली असती पोरगी. मी आपला हूं हूं करत राह्यलो." मग आवाज उतरला. "कधी येता, म्हनून इचारून राहिली होती. मी हूं म्हनलो. मंग कोन्या तरी बेअक्कल मानसानं फोन तोडला. आता बोलावन्याची वाट पाहू नोको. उद्या जाय."

दुसऱ्या दिवशी मी करडीला गेलो. ललिता दारातच उभी होती. डोळे भरलेले.

"नुसते हूं हूं करून राहिले होते," ती म्हणाली. "पन असं निमूट तुमी माह्यं कधीच नोतं आयकलं."

खरं सांगावंसं फार वाटलं. पण तिचा चेहरा पाहिला आणि गिळून टाकलं.

पुढं काही वर्षांनी वडील वारले. जाताना ती तीन मिनिटं बरोबर घेऊन गेले. ललिताला मी विचारू शकत नाही, कारण तिच्या लेखी मी तर ते ऐकलेलं आहे! अजूनही कधी जेवताना ती मध्येच थांबते आणि विचारते, "त्या दिवशी फोनवर म्हनलं होतं, थे ध्यानात हाये ना?"

"हूं," मी म्हणतो.