घाटातली साखर

साताऱ्याच्या शैलजा शिंगटे यांच्या दंडावर मधुमेहाचा सेन्सर बसवला, तेव्हापासून त्यात त्यांच्या नवऱ्याची साखर दिसू लागली. नवरा, दिनकर, दोन वर्षांपूर्वी वारला होता.

डॉक्टर मुल्लांनी आधी सेन्सर बदलून पाहिला. बोट टोचल्यावर शैलजाबाईंची साखर एकशे चाळीस भरली. मोबाईलवर मात्र सेन्सरचा आकडा अठ्ठ्याहत्तर, आणि खाली वळलेला बाण.

"ही दिनकरची," डॉक्टर म्हणाले. ते त्याचे शाळेपासूनचे मित्र. "उपाशीपोटी पळायची खोडच होती त्याला."

"मग मी काय करू?"

"तुमची साखर बोटावर तपासत जा, वहिनी. मोबाईलवर त्याच्याकडे लक्ष ठेवा."

दिनकरलाही मधुमेह होता. यवतेश्वरच्या घाटात एकटा पळताना त्याची साखर उतरली, तो पडला आणि उठला नाही. एरवी दोघं जोडीने पळायची; त्या दिवशी शैलजाबाई तापाने घरी झोपून होत्या.

आता त्या रोज सकाळी घाट चढू लागल्या. मोबाईलवरचा आकडा घसरला की कठड्यावर गुळाचा खडा ठेवायच्या आणि मागे न बघता पळत राहायच्या. थोड्या वेळाने आकडा वर यायचा. परतताना कठडा रिकामा असायचा. तिथे मुंगीसुद्धा नसायची.

कार्तिकात एकदा घाटात दाट धुकं होतं. पुढे कुणाच्या तरी बुटांचा आवाज येत होता. आकडा बावन्नवर आला. शैलजाबाईंनी कमरेच्या पिशवीत हात घातला, तर शेवटचा खडा उरलेला. हात थरथरत होता. मानेवर गार घाम सुटला होता. त्यांनी कसंबसं बोट टोचलं. त्यांची स्वतःची साखरही पंचावन्न होती.

पुढचा बुटांचा आवाज थांबला.

"अहो," त्या म्हणाल्या, "एकच आहे."

त्यांनी थोडी वाट पाहिली. मग खडा स्वतःच्या तोंडात टाकला. चावताना त्यांनी मोबाईल उपडा धरला होता.

अंगातली थरथर थांबल्यावर त्यांनी तो सुलटा केला. शंभर. बोट टोचलं, तर तिथेही शंभर. बुटांचा आवाज पुन्हा आला नाही.

दुपारी त्या दवाखान्यात गेल्या. "आता माझीच दिसते," त्यांनी सांगितलं.

डॉक्टरांनी दोन्ही आकडे ताडून पाहिले. "सेन्सर उत्तम चाललाय."

"मला हा नको. काढा."

डॉक्टरांनी तो काढला आणि दुसऱ्या दंडावर नवा बसवला. नव्याला आकडा दाखवायला तासभर लागतो. बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टरांनी दार लावून घेतलं, मोबाईल टेबलाच्या मधोमध ठेवला आणि फोनवरून तीन चहा सांगितले. त्यातला एक गोड.